खांबासकट फोटो

पहाटे चारला रूममेटला गदागदा हलवून उठवलं, स्वेटरवर स्वेटर चढवले आणि बाइकवरून नांदूरमधमेश्वर गाठलं. गोदावरी-कादवा संगमावरचं हे पक्षी अभयारण्य 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. सूर्य वर आला, चित्रबलाकांचा थवा उडाला. क्लिक!

होस्टेलवर येऊन पाहतो तर आकाश झकास, पक्षी मात्र काळेकुट्ट. उगवतीचा लख्ख उजेड आणि सावली, दोन्ही कॅमेऱ्याला एकदम पेलत नाहीत. फाइल रॉ होती म्हणून सावल्या उजळता आल्या. पंखांवरची गुलाबी छटा परत आली. इथवरचं एडिटिंग मला मान्य आहे, कारण डोळ्यांनी तेच पाहिलं होतं.

मग मित्र म्हणाला, "मागचा विजेचा खांब उडव ना, गॅदरिंगच्या प्रदर्शनात नंबर येईल." दोन क्लिकमध्ये उडाला! फोटो देखणा झाला, पण नांदूरचा राहिला नाही. हा मोह मोठ्यांनाही सुटत नाही. 1982 मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने मुखपृष्ठात बसवायला गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले आणि भरपूर टीका ओढवून घेतली.

मित्रांनो, पाणथळीभोवती खांब, तारा, शेतं, माणसं आहेतच. पक्ष्यांना त्यातूनच वाट काढावी लागते. खांब पुसला की पाहणाऱ्याला वाटतं, सगळं आलबेल आहे. रीडिंग जुळत नाही म्हणून जर्नलमधले आकडे बदलण्यातलाच हा प्रकार. (सर, हे जनरल विधान आहे!)

मी खांब परत आणला. नंबर काही आला नाही. फोटो मात्र खोलीत लावलाय, खांबासकट.