जागा मिळाली, राहावयाचे कोठे?

बीदरला विद्यापीठ मिळाले, या वार्तेने २०२३ साली पुष्कळांस धन्यता वाटली, आम्हांसही वाटली. परंतु विद्यापीठ मिळाले म्हणजे नेमके काय मिळाले, हा प्रश्न हातात गादीची वळकटी घेऊन आमच्या नौबादेत खोली शोधीत फिरणाऱ्या औरादच्या मुलास विचारावा.

त्याचा हिशेब साधा आहे. शुल्क वर्षातून एकदा भरावयाचे. तुरीचे पैसे हाती आले की बाप ते कसेबसे भरतो. खोलीचे भाडे आणि खानावळ मात्र दरमहा द्यावी लागते, आणि तूर काही दरमहा विकली जात नाही. मूल शिकणार की परत गावी जाणार, हे ठरविणारी रक्कम ही आहे. उद्घाटनाच्या भाषणांत तिचा उच्चार क्वचितच होतो.

बीदरचे म्हणून जे विद्यापीठ ते तरी बीदर शहरात कोठे आहे? ते भालकी तालुक्यातील हालहळ्ळीस, गुलबर्गा विद्यापीठाच्या जुन्या पदव्युत्तर केंद्राच्या जागी आहे. यावर चतुर लोक म्हणतात, मुलांनी बसने ये-जा करावी. जून २०२३ पासून मुलींना तर प्रवासही फुकट आहे. खरे आहे, आणि त्या सोयीचे ऋण आम्ही मानतो. परंतु शेवटची बस गाठण्यासाठी जी मुलगी ग्रंथालयातून चार वाजता उठते, तिला विद्यापीठाचा अर्धा दिवसच मिळाला, हे कोणी ध्यानात घेईल काय?

याच बीदरात १४७२ साली महमूद गवानाने मदरसा उभारला. तीन मजली इमारत, सुमारे तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय आणि त्याच छताखाली विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या राहण्याच्या खोल्या! दूरदूरहून येणाऱ्या विद्यार्थ्यास आधी निवारा हवा, हे बहमनी वजिरास कळले होते. पुढची साक्ष कोल्हापूरची. तेथे राजाराम कॉलेज १८८० पासून होते. पण खेड्यांतील बहुजनांच्या मुलांस त्याचा खरा लाभ होऊ लागला तो १९०१ पासून शाहू महाराजांनी एकामागून एक बोर्डिंगे काढल्यावर.

आणि वसतिगृह म्हणजे नुसते छप्पर नव्हे. १९३८ चे ‘वंदे मातरम्’ आंदोलन औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांच्या प्रार्थनेतून पेटले. उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला, हा इतिहास आमच्या पिढीने घरोघरी ऐकला आहे. संध्याकाळच्या बसने घरी परतणाऱ्यांकडून असे काही घडले असते, असे आम्हांस वाटत नाही.

आता दोन्ही शासनांविषयी. कर्नाटकाने २०१२ च्या ९८व्या घटनादुरुस्तीनंतर आमच्या भागासाठी उच्च शिक्षणात जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रानेही सीमाभागातील ८६५ गावांच्या मुलांकरिता व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा ठेवल्या आहेत. दोघांचेही आभार. पण पुण्यात प्रवेशाची जागा मिळालेल्या भालकीच्या मुलास तेथील एका खाटेचे भाडे ऐकून घाम फुटतो. ‘जागा’ या एका शब्दात दोन्ही शासनांनी आम्हांस झुलवत ठेवले आहे! पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर जितका आवेश खर्च होतो, त्याच्या चौथाईत तालुक्याला एक वसतिगृह उभे राहिले असते.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही जाणून आहोत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्र्यांच्या उपसमितीने याच अडचणीपायी नऊ नवी विद्यापीठे बंद करण्याचा विचार मांडला. त्यांत बीदरचे नव्हते, हे आमचे नशीब. पण जे विद्यापीठ राखावयाचे ते रिकाम्या बाकांनी कसे राखणार?

गोमंतकातील वाचकांना हे निराळे सांगावयास नको. गोव्याला स्वतःचे विद्यापीठ १९८५ साली मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून गोव्याच्या गावांनी मुंबईत, धोबीतलाव–माझगावकडे, आपापली ‘कूड’ चालविली होती. बहुतेक उतारू खलाशी आणि नोकरीच्या शोधातले. पण मुंबईत उतरणाऱ्या गावकऱ्यास पथारी टाकण्यास जागा हवी, हे गावाने आधी ओळखले. आमच्या सीमाभागातील मराठी मंडळे दरवर्षी संमेलनांचे मांडव घालतात. यंदाचा एक मांडव रद्द करून त्या पैशात नौबादेत चार खोल्या भाड्याने घ्याव्यात आणि औराद-भालकीच्या मुलांस द्याव्यात. किल्ल्या कोणाकडे ठेवावयाच्या, यावर वाद झाला तर तो आम्ही आनंदाने ऐकू.