कॉम्प्रेसर नवा, गळती जुनीच

वीजबिल वाढले की कारखान्यातल्या बैठकीत एक वाक्य हमखास येते : "जुना कॉम्प्रेसर काढा, व्हीएफडीचा नवा बसवा, प्रश्न मिटला." व्हीएफडी म्हणजे मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. मालकालाही ते वाक्य पटते. यंत्र विकत घेता येते, त्याचे कर्ज मिळते, घसारा मिळतो आणि बसवताना नारळही फोडता येतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांपासून भोसरी-चाकणच्या मशीन शॉपपर्यंत हा समज चांगलाच मुरला आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. दाबाच्या हवेतली मोठी बचत कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर, पाइपलाइनवर आणि वापराच्या टोकाला असते. ती पदरात पाडून घेण्याआधी नवे यंत्र आणणे हा खर्चाचा उलटा क्रम आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करू. जुन्या पद्धतीचा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर फिरत असताना हवा देत नाही, तरी पूर्ण लोडच्या सुमारे पाव ते तिसरा हिस्सा वीज खातो. मागणी सतत वरखाली होत असेल तर व्हीएफडी ही उधळपट्टी थांबवतो. पण जिथे यंत्र तिन्ही शिफ्ट जवळजवळ पूर्ण लोडवर चालते, तिथे ड्राइव्हमध्येच काही टक्के वीज जाते आणि साधा कॉम्प्रेसर बरा ठरतो. म्हणून जाणकार मंडळी मूळ मागणी साध्या यंत्रांवर टाकतात आणि वरचा चढउतार तेवढा एका व्हीएफडीकडे देतात. 'सगळे व्हीएफडी करा' हा सल्ला विक्रेत्याच्या सोयीचा आहे.

आणि त्या चढत्या मागणीत खरी मागणी किती, हे कुणी मोजले आहे? देखभाल ढिली असलेल्या कारखान्यांत तयार झालेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के नुसती गळते, हे ऊर्जा लेखापरीक्षकांच्या रोजच्या अनुभवातले आहे. ७ बार दाबावर ३ मिलिमीटरचे एक भोक ३ ते ४ किलोवॉट वीज गिळते. व्हीएफडी गळती बुजवत नाही. तिला लागेल तेवढी हवा नेमकी पुरवतो. माठ फुटका असताना घागर बदलून काय साधणार?

दुसरा आवडता उपाय म्हणजे दाब वाढवणे. लाइनच्या शेवटच्या टोकाचा क्लॅम्पिंग सिलिंडर अडखळला की सुपरवायझर कॉम्प्रेसरचा दाब ७ वरून ८ बारवर नेतो. काम चालू होते, तक्रार थांबते, आणि तो दाब पुढे वर्षानुवर्षे तसाच राहतो. या एका बारची किंमत ६ ते ७ टक्के जास्त वीज. शिवाय गळती आणि ब्लो गनमधून जाणारी हवाही सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, कारण भोकातून जाणारी हवा निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात असते. एका सिलिंडरसाठी अख्ख्या कारखान्याला दंड! दोष बहुतेक वेळा वाटेत असतो : अरुंद होज, तुंबलेला फिल्टर, नवी मशीन येतील तशी जोडत नेलेली लाइन. मुख्य लाइनच्या टोकाला ०.३ बारपेक्षा जास्त घट दिसली तर आधी ती शोधावी. त्या सिलिंडरजवळ छोटा रिसीव्हर किंवा बूस्टर बसवावा. कॉम्प्रेसरच्या सेटिंगला हात शेवटी लावायचा.

तिसरे म्हणणे : "हवा काय, फुकटच आहे." फुकट आहे ती बाहेरची. दाबाखाली पाइपात शिरलेली हवा ही कारखान्यातली सर्वांत महाग ऊर्जा. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णता होऊन जातो. एक अश्वशक्तीची हवेवर चालणारी मोटर फिरवायला कॉम्प्रेसरकडे ७-८ अश्वशक्ती खर्च होतात. फेटलिंगमधले, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामातले, हवेचे ग्राइंडर हलके असतात, अडकले तरी जळत नाहीत. तिथे त्यांचा वापर समजण्यासारखा आहे. पण त्याच लाइनवरच्या ब्लो गनने शॉप फ्लोअर झाडणे, कपड्यांवरची वाळू उडवणे, मे महिन्यात अंगावर वारा घेणे याला काय म्हणायचे? वाऱ्याला पंखा आहे, कमी दाबाच्या कामाला ब्लोअर आहे. शिवाय दाबाची हवा अंगावर मारणे जीवघेणे ठरू शकते. विजेची गोष्ट बाजूला ठेवली तरी ही सवय बंदच व्हायला हवी.

चौथा आक्षेप छोट्या उद्योजकांचा, आणि तो प्रामाणिक आहे : "ऑडिट, अल्ट्रासॉनिक यंत्रे हे मोठ्यांचे खेळ, आम्हाला कुठून परवडणार?" उत्तर असे, की पहिली चाचणी घड्याळावर होते. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद, लाइन चालू. कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो, एवढे टिपायचे. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटे अनलोड निघाले, तर पाचातले दीड, म्हणजे ३० टक्के क्षमता गळतीतच जाते. कॉम्प्रेसर ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफूट हवा देणारा), ९० किलोवॉटचा धरला तर ही गळती २७ किलोवॉटची. वर्षाला ६,००० तास आणि ८ रुपये युनिट धरून हिशेब करा : १ लाख ६२ हजार युनिट, म्हणजे जवळपास १३ लाख रुपये. एकही नट न बनवता.

मग साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन लाइनवर फिरावे. फार शोधावे लागत नाही. कपलिंग, होजचा क्लिप, एफआरएलचा (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) बाऊल, काढून टाकलेल्या मशीनची विसरलेली लाइन. आणि पाणी साचू नये म्हणून कायमचा किंचित उघडा ठेवलेला ड्रेन व्हॉल्व्ह : त्यातून पाणी थेंबभर जाते आणि हवा दिवसरात्र. तिथे पातळी ओळखून उघडणारा ऑटो ड्रेन बसवला की प्रश्न संपतो. सापडलेल्या प्रत्येक जागी लाल टॅग लावावा, दुरुस्तीची तारीख लिहावी आणि दर तीन महिन्यांनी फेरी पुन्हा करावी, कारण बुजवलेली गळती परत येते.

कॉम्प्रेसर रूममध्येही यंत्र न बदलता करण्याजोगे पुष्कळ आहे. आत घेतलेली हवा ४ अंशांनी तापली की तेवढ्याच हवेसाठी सुमारे १ टक्का वीज जास्त लागते. तरीही भट्टीला खेटून कॉम्प्रेसर ठेवलेल्या फाउंड्र्या आहेत. हवा बाहेरच्या सावलीतून डक्टने घ्यावी. कॉम्प्रेसरची उष्णता वाया न घालवता वॉशिंग मशीनचे पाणी तापवायला वापरावी. आणि कॉम्प्रेसरला स्वतंत्र वीजमीटर व हवेला फ्लो मीटर लावावा. महिन्याला दर हजार घनफूट हवेमागे किती युनिट पडली, हा आकडा उत्पादनाच्या तक्त्यावर असावा.

ऊर्जा दक्षता ब्युरोने २०२१ मध्ये एअर कॉम्प्रेसरसाठी स्वेच्छेची तारांकन योजना सुरू केली. ती उपयोगी आहे, पण तारे यंत्राला मिळतात, पाइपलाइनला मिळत नाहीत. गळती बुजवून आणि दाब उतरवून झाल्यावर अनेक ठिकाणी असे दिसेल, की घ्यायचा कॉम्प्रेसर लहान पुरतो किंवा घ्यायचीच गरज उरत नाही. एवढे करूनही मागणी खरोखर बदलती निघाली, तर व्हीएफडी जरूर घ्या; तेव्हा तो योग्य मापाचा असेल.

म्हणून उद्योजकांना एकच विनंती. नव्या कॉम्प्रेसरच्या कोटेशनवर सही करण्याआधी येत्या सुट्टीच्या दिवशी गळतीची चाचणी घ्या. तो टक्केवारीचा आकडा टेबलावर नसेल, तर सही करू नका.