हाऊ पाट कथा जास?

आमच्याकडे गावाबाहेर जायला कारण लागतं. लग्न, दहावं, दवाखाना, धुळ्याच्या कोर्टातली तारीख, साक्रीला तहसीलमधला दाखला. चैत्रात वणीच्या गडावर पायी निघतात त्यांचा नवस असतो. पिंपळनेरच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊसतोडीला जातात, त्यांनी तर उचल घेतलेली असते. पण कुणी बोलावलेलं नाही, आपलं एकही माणूस तिथे नाही, अशा गावाला नुसतं बघायला जायचं, हे आमच्या घरात माझ्या पिढीपर्यंत कुणी केलं नव्हतं. शाळेची सहल वेरूळ-दौलताबादला जायची. पण तिथे सरांची शिट्टी असायची, आणि परत आल्यावर निबंध.

माझी पुतणी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी तिने घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘मैत्रिणींबरोबर प्रागला जातेय, रविवारी रात्री परत.’ आई बाजेवर बसून हरभरे निवडत होती. मी वाचून दाखवलं. तिने मान वर न करता विचारलं, “तठे कोनं लगीन शे?”

वहिनींचा, म्हणजे पुतणीच्या आईचा, प्रश्न वेगळा होता. त्यांच्या डोक्यात कर्जाचा हप्ता. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात भरून दाखवावे लागतात, आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात पडतात. युरोला शंभर रुपये धरा आणि आकडा मनात करा. शेत तारण ठेवलेल्या घरात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तेव्हा अशा घरातली पोर दोन दिवस फिरायला जाते म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येणारच. दुसरीही एक गोष्ट होती, जी वहिनी बोलल्या नाहीत. चौघी मुली, एक नांदेडची, एक केरळची, एक व्हिएतनामची आणि आमची. बरोबर वडीलधारं कुणी नाही.

मराठी मुलीने शिकायला जर्मनी गाठणं जुनं आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या होत्या. पण तेव्हा पत्र आठवड्यांनी यायचं, तोवर घरच्यांची काळजी आपोआप शिळी होऊन जायची. आता बस सुटल्याचा फोटो येतो, बस पोचल्याचा येतो, आणि मधल्या वेळात ‘ऑनलाइन’ दिसलं नाही की वहिनी ओट्यापाशी उभ्या.

हिशेब मी करून पाहिला, कारण घरात हिशेबाचं काम माझ्याकडे असतं. ड्रेस्डेन ते प्राग म्हणजे जवळपास आमचं पिंपळनेर ते नाशिक. आधी तिकीट काढलं तर बस पंधरा युरोच्या आत जाते. राहायला होस्टेलमध्ये एका खोलीत आठ पलंग, वरचा स्वस्त. खायला पिशवीत ब्रेड आणि शेंगदाण्याची चटणी, जी वहिनींनीच दिवाळीत पाठवली होती. म्हणजे या सहलीचा निम्मा शिधा खुद्द वहिनींचाच. हे मी बोललो नाही.

‘शिकायला पाठवलंय, फिरायला नाही’ असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. मात्र या पोरांचं एक मलाही खटकतं. युरोपात सरहद्दी जवळ जवळ, म्हणून शनिवार-रविवार धरून एकेक राजधानी उरकायची, ठरलेल्या जागी ठरलेला फोटो काढायचा आणि यादीवर खूण करायची. प्रागच्या जुन्या चौकात १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. तासाचा ठोका पडला की वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरून जातात आणि शेवटी कोंबडा आरवतो. एका मिनिटात खेळ खलास. पुतणीने पाठवलेल्या चित्रफितीत घड्याळ कमी आणि वर केलेले मोबाइल जास्त दिसत होते. मग ट्रडेलनिक नावाची, निखाऱ्यावर भाजलेली साखर लावलेली पोकळ गुंडाळी, तिचा फोटो. मग किल्ला. पहिला दिवस निम्मा असाच गेला.

सरहद्दीचं मात्र तिने छान सांगितलं. आमच्याकडच्या माणसाला सरहद्दीचं अप्रूप नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, बाकसुद्धा दोन्ही राज्यांत बसवलेलं. पण तिथे दोन देश. शेंगेन करारावर १९८५ मध्ये सह्या झाल्या, पुढे त्यातल्या देशांनी आपसातल्या चौक्या उठवल्या, आणि जर्मनीचं विद्यार्थ्याचं कार्ड असलं की शेजारच्या देशात वेगळा व्हिसा न काढता जाता येतं. जाताना त्यांना सरहद्द कळलीसुद्धा नाही, फोनवर चेक कंपनीचा मेसेज आला तेव्हा कळली. येताना मात्र जर्मन पोलीस बसमध्ये चढले. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या जमिनीवरच्या सगळ्या सरहद्दींवर तपासणी पुन्हा लावली आहे. चौघींचे पासपोर्ट पाहिले, कार्डं पाहिली. पुढच्या बाकावरच्या गोऱ्या आजोबांकडे नुसतं पाहिलं. यावर ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

खरी गंमत शनिवारी दुपारी झाली. आमच्याकडे अडीच वाजले होते, तिकडे अकरा. ऊन असं की पांझरेच्या पात्रात दगडांखेरीज काही दिसत नव्हतं. तिने चार्ल्स पुलावरून व्हिडिओ कॉल लावला. पूल १३५७ मध्ये सुरू केलेला, वर तीस पुतळे, आणि १८४१ पर्यंत त्या शहरात व्ल्टावा नदीवर हाच एकटा पूल होता. ही माहिती ती आम्हाला देत होती. पुतळ्यांपाशी गर्दी अशी, की ती पुतळे दाखवतेय आणि दिसतायत टोप्या. शेवटी वैतागून तिने फोन नदीकडे फिरवला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तोवर डुलक्या घेत होते. ते एकदम पुढे सरकले. “थांब, थांब. तो बंधारा दाखव.”

नदीत खरंच बंधारा होता. पुलाच्या वरच्या अंगाला, पात्रात तिरपा घातलेला, त्यावरून पाण्याची पांढरी रेघ. आप्पा म्हणाले, “तिरपा घातलाय, म्हणजे पाणी काठाला लोटायचंय. हाऊ पाट कथा जास?” हा पाट कुठे जातो?

आप्पांचं अर्धं आयुष्य पाटावर गेलं. पांझरेच्या खोऱ्यात पिंपळनेर-सामोड्याच्या भागात फडाची शेती होती, शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पीक फडाफडांतून पुढे सरकायचं. पाणी पाटकरी पाळीने देणार, मालकाने स्वतः बारं फोडायचं नाही. जमीन ज्याची त्याची, पाणी मात्र सगळ्यांचं, म्हणून भांडणंही सगळ्यांचीच. पुढे विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, लाटीपाड्याला धरण झालं, ज्याला त्याला आपापलं पीक हवं झालं, आणि फड विस्कटत गेले. आप्पांनी बंधाऱ्यावर रात्री जागून काढल्यात. त्यामुळे जगातला कुठलाही बंधारा ते पाणी वाटणाऱ्याच्या नजरेने बघतात.

पुतणीला उत्तर येत नव्हतं. यंत्र अभियांत्रिकी शिकते, पण पाट हा काही अभ्यासक्रमात नाही. ती म्हणाली, “आप्पा, शोधून सांगते.” तिने मैत्रिणींनाही कामाला लावलं. व्हिएतनामची पोरगी भातशेतीच्या गावातली, तिला प्रश्न लगेच समजला. केरळची म्हणाली, आधी जेवू या.

पाट सापडला. डाव्या काठाला कांपा नावाचं बेट आहे, आणि ते बेट झालंय ते चेर्तोव्का नावाच्या कालव्यामुळे. नदीच्या वरच्या अंगाला फुटतो, घरांच्या भिंतींना घासत जातो आणि चार्ल्स पुलाच्या पलीकडे परत नदीला मिळतो. त्यावर जुन्या पाणचक्कीचं मोठं लाकडी चाक अजून आहे. पाणी शेतीला नव्हतंच, पिठाच्या गिरण्यांना होतं. दोन्ही काठांवर गिरण्या होत्या. कांपावरच्या सोवाच्या गिरणीत आता चित्रांचं संग्रहालय आहे. चाकापाशी उभी राहून तिने पुन्हा फोन लावला. चेर्तोव्कावर प्रेमिकांनी कुलुपं लावलेला छोटा पूल आहे, त्याच्या कठड्याला रेलून ती आप्पांना उतार समजावून सांगत होती आणि मागे लोक एकमेकांचे फोटो काढत होते.

आप्पांचे प्रश्न संपेनात. गिरणीवाल्याने पाणी अडवलं तर खालचा काय करणार? दुरुस्तीचा खर्च कुणाचा? नावा कशा जातात? पूर आला की? या शेवटच्याचं उत्तर मलाच ठाऊक होतं. ऑगस्ट २००२ मध्ये व्ल्टावा अशी चढली की कांपा पाण्यात गेलं, भुयारी रेल्वेत पाणी शिरलं आणि काही स्टेशनं कित्येक महिने बंद राहिली. आप्पांनी मान डोलावली. ऑगस्ट २०१९ मध्ये आमची पांझरा धुळ्यात पुलांवरून गेली, ते त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. नदीने आपली हद्द दाखवली की त्यांना उगाच समाधान वाटतं, हा त्यांचा जुना स्वभाव आहे.

किल्ला पूर्ण बघायचा राहिला. १३४८ मध्ये स्थापन झालेलं चार्ल्स विद्यापीठ बघू म्हणाली होती, तेही राहिलं. नांदेडच्या मैत्रिणीचे कबूल केलेले फोटो राहिले, त्यावरून रविवारी सकाळी थोडं रुसणं झालं. पण दुपारी चौघीजणी नदीकाठाने चालत सुटल्या, दुसरा बंधारा शोधत. तोही सापडला.

परतीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. व्ल्टावा प्रागच्या खाली मेल्निकला लाबे नदीला मिळते, आणि लाबे जर्मनीत शिरली की तिचं नाव एल्बे होतं. तीच एल्बे ड्रेस्डेनमधून वाहते. म्हणजे ज्या पुलावरून ही रोज कॉलेजला जाते, त्याच्याखालून प्रागच्या बंधाऱ्यावरचंच पाणी जातं. हे तिने ग्रुपवर टाकलं. आप्पांनी मला लिहायला लावलं, ‘पुढे कुठे जातं?’ उत्तर आलं, हॅम्बुर्ग, मग समुद्र.

आता आप्पांना नदीचं समुद्राकडचं तोंड बघायचंय. महिन्याच्या पासावर साध्या गाड्या बदलत हॅम्बुर्गपर्यंत जाता येतं, वेगळे पैसे पडत नाहीत, दिवस मात्र अख्खा जातो, असं तिने कळवलं. जुलैत तिच्या परीक्षा आहेत. “परीक्षा झाल्यावर जा,” असं वहिनी फोनवर म्हणाल्या. तिने परवानगी मागितलीच नव्हती.