पखाल मोठी करणारे

रोग म्हशीला आणि औषध पखालीला. या म्हणीवर आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांची घरं चालतात. सर्व्हरवर दोन प्रोसेस मेसेज क्यूमधून एकमेकींना निरोप देत असतात. एक दिवस क्यू तुंबते. मग ‘परफॉर्मन्स एक्स्पर्ट’ येतो, सिसकंट्रोलची फाइल उघडतो, कुठल्यातरी डेटाबेसच्या इन्स्टॉलेशन गाइडमधून उचललेल्या तीन ओळी चिकटवतो आणि बिल लावतो. याला म्हणे कर्नल ट्यूनिंग. तंबोरा लावणारा निदान कान तरी देतो!

त्या तीन ओळी कसल्या? एमएसजीमॅक्स म्हणजे एका निरोपाची कमाल लांबी. लिनक्सवर मुळात ८१९२ बाइट. एमएसजीएमएनबी म्हणजे एका क्यूत मिळून किती बाइट मावतील; १६३८४. म्हणजे पूर्ण लांबीचे दोनच निरोप बसतात, तिसरा दारात उभा. एमएसजीएमएनआय म्हणजे एकूण क्यू किती. फार पूर्वी १६, आता ३२०००. पहिले दोन आकडे तोकडे आहेत, मान्य. मीही अनेकदा वाढवलेत. पण आत काय चाललंय ते बघून.

न बघणाऱ्यांना कर्नलही छान हातभार लावतो. क्यूंची संख्या संपली की एमएसजीगेट म्हणतं, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. लगेच डिस्क साफ करायला माणसं लागतात, जुने लॉग उडवले जातात. डिस्कचा इथे काडीचा संबंध नसतो. प्रोसेस मेली तरी तिची क्यू मरत नाही. कुणी आयपीसीआरएमने काढेपर्यंत किंवा मशीन बंद होईपर्यंत ती तशीच पडून राहते. हे बेवारस ढीग उपसायचे सोडून एक्स्पर्ट एमएसजीएमएनआय वाढवतो. खोल्यांना कुलपं ठोकून भाडेकरू पसार झालेत, आणि हे चाळीवर मजले चढवतायत.

मागे एका वित्तसंस्थेत (नाव सांगत नाही, माझं बिल अजून अडकलंय) महिनाअखेरीला नोंदी अडायच्या. माझ्याआधी आलेल्या महाशयांनी एमएसजीएमएनबी ६५५३६ केलं. ढिम्म फरक नाही. पडणार कसा? नवी मर्यादा नव्याने तयार होणाऱ्या क्यूला लागते. आधीपासून उभी असलेली क्यू जन्मताना मिळालेलं मापच सांभाळते. ते बदलायचं तर एमएसजीसीटीएलने त्या क्यूपुरतं बदलावं लागतं. महाशयांनी सरळ सर्व्हर रिबूट केला. क्यू नव्याने बनली, चौपट झाली, टाळ्या पडल्या. जुन्या क्यूतले निरोप कर्नलच्या मेमरीत होते, ते रिबूटबरोबर गेले. एकेक निरोप म्हणजे कुणाच्या तरी खात्यातली नोंद. त्या शोधायला दोन कारकून चार दिवस खपले. ट्यूनिंगच्या अहवालात त्यांचा उल्लेख नाही.

पुढच्या महिनाअखेरीला, पूर्वी पाच मिनिटांत तुंबणारी क्यू वीस मिनिटांत तुंबली. तेव्हा मला बोलावणं आलं.

मी आयपीसीएस -क्यू -टी मारलं. क्यूत शेवटचा निरोप कधी पडला आणि शेवटचा कधी उचलला गेला, दोन्ही वेळा समोर येतात. टाकणाऱ्याने आत्ताच टाकला होता. उचलणाऱ्याने शेवटचा उचलून अकरा मिनिटं झाली होती. म्हैस इथे बसली होती! उचलणारी प्रोसेस डेटाबेसच्या एका लॉकवर ताटकळत होती, आणि ते लॉक धरून बसला होता महिनाअखेरीचा एक रिपोर्ट. तो साहेबांना सकाळी टेबलावर लागायचा, म्हणून संध्याकाळच्या ऐन गर्दीतच लावून दिलेला. रात्री दोनला का नाही लावत, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तसं कधी कुणी सांगितलं नाही.’

रिपोर्ट दोनला हलवला. एमएसजीएमएनबी परत १६३८४ वर आणलं, क्यू त्याच मापाने पुन्हा बनवली, यावेळी आधी रिकामी करून. फाइलीत महाशयांची टीप होती, ‘ट्यून्ड, डू नॉट टच’. ती तशीच ठेवली, शोभेला. त्यानंतरच्या महिनाअखेरी बिनबोभाट गेल्या.

आणि बिल? लेखा विभागाचं म्हणणं, कोणकोणती सेटिंग्ज किती वाढवली त्याची यादी जोडा, त्याशिवाय पास होणार नाही. महाशयांचं आठवड्यात पास झालं होतं.