हा सराव की ओठांचा छळ?

लग्नसराई तोंडावर आली की बँडपथकांतील ट्रम्पेटच्या पेट्या उघडल्या जातात आणि रात्री तीन-तीन तास गाण्यामागून गाणे वाजविले जाते. यालाच सराव म्हणण्याची रीत पडली आहे. आमच्या मते ही निव्वळ दमछाक आहे.

'जितके अधिक वाजवाल तितके ओठ कसतील,' हा बँडमास्तरांचा आवडता युक्तिवाद. परंतु तो वाद्याची रचनाच विसरतो. ट्रम्पेटला पिस्टन अवघे तीन. ते दाबण्याच्या रीती आठ. स्वर मात्र अडीच सप्तकांचे. एकाच बोटावर अनेक स्वर वसतात आणि त्यांतला कोणता उमटावा हे ओठांचा ताण व श्वासाचा वेग ठरवितो. ओठ थकले की वादक माऊथपीस दातांवर रेटून वरचा स्वर ओढून काढतो. त्या दाबाने ओठातील रक्त अडते, स्वर फाटतो आणि अंगी वळण पडते ते चुकीचे. थकलेल्या ओठांनी केलेली आवृत्ती चूकच पक्की करते.

त्याऐवजी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका रोज कराव्यात. जितके वाजवावे, जवळपास तितकेच थांबावे. आरंभ लांब स्वरांनी व्हावा: स्वर हळुवार उचलावा, फुलवावा, अलगद विझू द्यावा. गाण्यातील अडणारी जागा वेगळी काढून निम्म्या लयीत घोटावी. दर वेळी पहिल्यापासून आरंभ करणारा वादक येते तेवढेच घोकत राहतो. फ्रान्सच्या जाँ-बाप्तिस्त आर्बां यांचा १८६४ मधील कॉर्नेटवरील ग्रंथ ट्रम्पेटवादक आजही अभ्यासतात. तोही साध्या स्वरपाठांनीच आरंभ होतो. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांकडून आधी सोल्फेज पक्के करून घेत, मग वाद्य हाती देत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांनी नाव कमावले, त्यामागे ही कंटाळवाणी शिस्त होती.

'नोकरी करून येणाऱ्या पोरांना रोज वेळ कोठला?' असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, ज्याला तीन तास परवडत नाहीत, त्यालाच ही वीस मिनिटे परवडतात.

सुजल्या ओठांचा पोर स्वर चुकला की 'याच्यात दमच नाही' असा शिक्का बसतो आणि पुढल्या वर्षी तो तालमीला फिरकत नाही. मग मांडवात ध्वनिमुद्रित गाणी वाजतात आणि आपण नव्या पिढीच्या आळसाला बोल लावतो. बँडमास्तरांनी आधी आपल्या तालमीचे घड्याळ तपासावे.