पोहणे ही चैन नव्हे

मार्च उजाडला की शहरांतील जलतरण तलावांवर उन्हाळी वर्गांचे फलक लागतात. ज्यांची ऐपत आहे ते पालक शुल्क भरतात आणि त्यांची मुले महिनाभरात हातपाय मारू लागतात. यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या मुलांचा. त्यांची सुट्टी विहीर, दगडाची खाण, कालवा आणि शेततळे यांच्या काठी जाते. तेथे शिकविणारा कोणी नसतो आणि पाय घसरला तर काढणाराही नसतो.

अशा मृत्यूंची बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपते. पंचनामा होतो, ‘अपघाती मृत्यू’ अशी नोंद होते आणि प्रकरण मिटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. ज्या मृत्यूची वाटणी इतकी विषम आहे, त्याला दैव म्हणून मोकळे होता येणार नाही.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवेच. परंतु पाझर थांबविण्यासाठी घातलेले प्लास्टिकचे अस्तर ओले झाले की इतके निसरडे होते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढणे कठीण जाते. तळ्याभोवती कुंपण आणि काठावरून आत सोडलेला गाठींचा दोर यांचा खर्च मुलाच्या जिवापुढे किती?

पूर्वी खेड्यात पाठीला सुका भोपळा बांधून मुलांना विहिरीत सोडीत, या आठवणीने अनेकजण सुखावतात. पण ती विहीर सर्वांची नव्हती. ज्या समाजाला तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याच्या मुलांना पोहण्यासाठी पाणी कोण देणार होते? मुलींना तर बहुतेक घरांनी काठावरच ठेवले.

उपाय महागडा नाही. बांगलादेशात २००५ नंतर गावतळ्यांतच बांबूचे मचाण उभारून स्थानिक तरुण-तरुणींनी हजारो मुलांना पोहण्याचे व बुडणाऱ्याला वाचविण्याचे धडे दिले. त्यासाठी संगमरवरी तलाव लागले नाहीत. आपल्याकडेही नगरपालिकांच्या तलावांवर पालिका शाळांतील मुलांसाठी विनाशुल्क वेळ राखून ठेवता येईल. जिल्हा परिषदांना सुरक्षित गावतळी निवडून, कोळी-भोई समाजातील जाणत्या पोहणाऱ्यांना मानधनावर नेमता येईल. शेततळ्याचे अनुदान कुंपण व दोर असल्याखेरीज पूर्ण देऊ नये. बुडणाऱ्याच्या मागे उडी न घेता दोर, काठी किंवा साडी फेकावी, हा धडा तर प्रत्येक शाळेत एका तासात देता येईल. एकापाठोपाठ दुसरे भावंड जाते ते हा धडा न मिळाल्यामुळे.

कार्यकर्त्यांनी सरकारी आदेशाची वाट पाहत बसू नये. आपापल्या गावातील उघडी तळी व विहिरी यांची यादी परीक्षा संपण्यापूर्वी करावी, ती ग्रामसभेपुढे ठेवावी आणि कुंपणासाठी आग्रह धरावा. पाण्यावरील समान हक्काची लढाई पिण्याच्या पाण्यापाशी संपत नाही. पाण्यातून जिवंत बाहेर येण्याचा हक्कही तिच्यातच येतो.