कर्जाचा उद्देश

वसईकराला बर्फ ठाऊक आहे तो कारखान्यातला. पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला बोटी निघायच्या आधी लाद्या येतात, त्या फोडून बोटीत भरतात आणि मासळी किनाऱ्याला लागेपर्यंत तो टिकला तर टिकला. बँकेत असताना बोटींच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. त्यांतल्या खर्चाच्या अंदाजात डिझेलच्या खाली बर्फ लिहिलेला असे. बर्फाशी माझा संबंध एवढाच.

तरीही २०२२ च्या फेब्रुवारीपासून बर्फावरून घसरत जाणारा एक मनुष्य माझ्या डोक्यातून जात नाही. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. उद्घाटनाच्या संचलनात तिरंगा त्याच्याच हाती होता. पण गलवानच्या चकमकीतल्या एका चिनी सैनिकाला मशाल दिली गेली म्हणून भारताने राजनैतिक बहिष्कार घातला, आणि दूरदर्शनने त्या सोहळ्याचे थेट प्रक्षेपण केले नाही. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या मुलाचे ते चालणे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेच नाही. मीही दुसऱ्या दिवशी नातवाच्या मोबाइलवर पाहिले.

कागदावर मांडली तर त्याची कारकीर्द अशी दिसते. गाव तंगमर्ग, गुलमर्गच्या पायथ्याचे. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान. चौथ्या वर्षी पायांत स्की, बाराव्या वर्षी राष्ट्रीय सुवर्णपदक, २०११ मध्ये उत्तराखंडात झालेल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेत दोन सुवर्णपदके, पुढे जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत सहभाग. २०१८ च्या ऑलिंपिकची वाट पैशांअभावी बंद झाली. २०२१ च्या अखेरीस, वयाच्या ३१ व्या वर्षी, दुबईतल्या छपराखालच्या कृत्रिम बर्फावर आणि नंतर माँटेनेग्रोच्या डोंगरात त्याने पात्रता मिळवली. एकाच हिवाळी ऑलिंपिकच्या दोन प्रकारांत तो पात्र ठरला.

वाचायला हे सोपे आहे. पण काश्मीरच्या मुलाला बर्फासाठी दुबईला का जावे लागावे, हा प्रश्न मला पडला आणि मी थोडी चौकशी केली. गुलमर्गला पडतो तो बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो. पर्यटकांची चैन होते. शर्यतीला मात्र तो काचेसारखा टणक लागतो. त्यासाठी उतारावर पाणी मारून तो घट्ट करतात, नाहीतर पहिल्या काही जणांतच त्यात चर पडतात. जायंट स्लॅलम या प्रकारात उतारावर रोवलेल्या दारांमधून वळणे घेत खाली यायचे, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळांची बेरीज करायची. एक दार चुकले की खेळ खलास. पुढच्या दोघांतला फरक कधी शतांश सेकंदाचा असतो. असा सराव करायचा म्हणजे ऑस्ट्रिया-इटली गाठायचे, आणि युरोपातला हिवाळा सरला की उंचावरच्या हिमनद्या शोधायच्या किंवा थेट दक्षिण गोलार्ध.

त्यांची गुणपद्धती तर बँकवाल्याला चटकन कळण्यासारखी आहे. गुण जितके कमी तितका खेळाडू वरचा, आमच्याकडच्या थकबाकीसारखेच. हे गुण उतरवायचे तर चांगल्या खेळाडूंच्या शर्यतींत उतरावे लागते, म्हणजे प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक, नवे सामान. आणि गुण जास्त असतील तर उतरण्याचा नंबर मागचा लागतो. तोपर्यंत पुढच्यांनी उतार खणून ठेवलेला असतो. ज्याची पत कमी त्यालाच व्याज जास्त, हा आमच्या धंद्यातला नियम डोंगरावरही लागू आहे.

आता सरकारी मदतीची तारीख पाहा. पात्रता मिळाली २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. केंद्र सरकारच्या 'टॉप्स' योजनेतून युरोपातला सराव आणि सामान यांसाठी १७ लाख ४६ हजार रुपये मंजूर झाले २०२२ च्या जानेवारीत. स्पर्धा फेब्रुवारीत. रक्कम लहान नाही आणि ज्यांनी ती मंजूर केली त्यांना दोष देण्याचेही कारण नाही; नियमाप्रमाणेच झाले असणार. पण चौथ्या वर्षापासून एकतिसाव्या वर्षापर्यंतचा मोठा खर्च घराने, मित्रांनी आणि मिळतील त्या प्रायोजकांनी सोसला.

हे आपल्याला नवे नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ती गोष्ट आपण शाळेच्या समारंभांतून मोठ्या अभिमानाने सांगतो. मी ती ऐकतो तेव्हा मला गहाणखत दिसते. पदक आले म्हणून ती गोष्ट झाली. खाशाबा सहावे आले असते, जसे ते १९४८ मध्ये लंडनला आले होते, तर खर्डेकरांच्या घराचे नाव आज कोणी घेतले असते?

आरिफला पदक मिळाले नाही. १३ फेब्रुवारीच्या त्या हिमवृष्टीत ८९ जण उतरले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे शेवटच्या रेषेपर्यंत आलेच नाहीत. आरिफ आला, ४५ वा. वेळ २ मिनिटे ४७.२४ सेकंद, म्हणजे विजेत्या मार्को ओडरमॅटपेक्षा सुमारे ३८ सेकंदांनी मागे. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये पहिल्याच फेरीत तो बाद झाला. गरीब देशाने असल्या खेळावर पैसा का घालवावा, असे माझ्या एका मित्राने तेव्हा विचारले. प्रश्न रास्त आहे. शिवाय आता गुलमर्गलाही बर्फाचा भरवसा राहिलेला नाही; २०२५ मध्ये 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धेतले तिथले सामने बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले. पण मग झेंडाही त्याच्या हाती देऊ नये. झेंडा द्यायचा आणि त्याच्या तिकिटाचे पैसे वडिलांच्या दुकानातून यायचे, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

अनिश्चित पिकासाठी आधी पैसे कसे द्यायचे हे बँकांना कळत नाही असे नाही. पीककर्ज पेरणीला देतात, सुगीला नाही. पाऊस येईल की नाही हे कोणालाच माहीत नसते, तरी देतात; काही बुडते, त्याची तरतूद असते. १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले आणि वीसेक वर्षांनी ते मच्छीमारांपर्यंतही पोहोचले, जाळ्यात काय लागेल हे कोणी सांगू शकत नसताना. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण धान्य खळ्यावर आल्यावर बियाण्याचे पैसे घेऊन जातो.

हे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, ठाऊक नाही. नव्वदच्या दशकात मी वसईत एका शाखेत कर्जविभागात होतो. एके दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक मास्तर आले. मुलगी धावत असे. बाहेरगावी सहा महिने प्रशिक्षणाला ठेवायची होती, त्यासाठी वैयक्तिक कर्ज हवे होते. अर्ज छापील. 'कर्जाचा उद्देश' या रकान्यात घरदुरुस्ती, आजारपण, लग्न. धावणे कुठेच बसेना. मी माझ्या मते मदतच केली. म्हणालो, "मास्तर, मुलीचं लग्न लिहा. आठवड्यात मंजूर करतो."

ते बराच वेळ अर्जाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, तिला धावायचंय म्हणून तर आलो. आणि माझ्याच हातानं लग्न लिहू?"

अर्जाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि ते गेले. ऑलिंपिकसाठी आरिफने स्वतःचे लग्न पुढे ढकलले ही बातमी वाचली तेव्हा मला ती घडी आठवली. दोन-तीन वर्षांनी मास्तर एकदा पारनाक्यावर भेटले होते. नमस्कार झाला, पावसाचे बोलणे झाले. मुलीचे मी विचारले नाही.